औषध चालू, तरी फिट वाढताहेत? आधी वही काढा

मी सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पंधरा वर्षं गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग मोजतोय. एखाद्या शिफ्टपासून माल रिजेक्ट व्हायला लागला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कालपासून बदललं काय? हा प्रश्न मी रोज दहा जणांना विचारतो, पण माझ्या मुलीच्या बाबतीत अडीच महिने तो माझ्या डोक्यातच आला नाही. फिटच्या औषधाने फिट वाढू शकतात, हे कोणी सांगितलं असतं तरी तेव्हा मी हसलो असतो.

मी डॉक्टर नाही. कोणतं औषध द्यायचं, किती द्यायचं हे इथे मिळणार नाही. संशय आला तर घरी काय बघायचं, काय लिहायचं, डॉक्टरांना काय विचारायचं आणि काय अजिबात करायचं नाही, एवढंच सांगतो.

मनू (घरचं नाव) तेव्हा सहा वर्षांची होती. रविवारी मिसळ खाताना पाव हातात तसाच राहायचा, नजर समोर कुठेतरी अडकायची, ओठ चाटल्यासारखे हलायचे. आठ-दहा सेकंद. मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पाव रश्श्यात. माझी आई म्हणायची, "तंद्री लागते पोरीला." शाळेतून शेरा आला, 'लक्ष नसते.' आम्ही दोन वेळा रागावलोसुद्धा. मग एकदा बायकोने तिची श्रुतलेखनाची वही माझ्यासमोर ठेवली. ओळ नीट चाललेली, अक्षर गोल, आणि मध्येच तीन शब्द गायब. पुढे परत नीट. खालच्या ओळीत पुन्हा दोन शब्द नाहीत. लक्ष नसलेल्या मुलाचं अक्षर बिघडतं, इथे अक्षर ठीक होतं आणि शब्दच नव्हते. तेवढा वेळ मनू तिथे नव्हतीच.

डॉक्टरांकडे गेलो. ईईजीला (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात ती तपासणी) ती इतकी रडली की जेमतेम वीस मिनिटं नोंद झाली, जोरजोरात श्वास घ्यायला लावतात तो भाग झालाच नाही. रिपोर्ट नॉर्मल. आम्ही सांगितलं की तोंड चघळते, हाताने फ्रॉक चाचपते. त्यावरून ही मेंदूच्या एका भागातून निघणारी फिट असावी असं धरून कार्बामाझेपिनचं सिरप सुरू झालं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. अशा फिटसाठी ते जुनं आणि चांगलं औषध आहे. आम्ही दिलेली माहितीच अर्धी होती.

पहिले आठ-दहा दिवस बरं वाटलं. मग तंद्र्या वाढल्यासारख्या वाटल्या. फोन केला, डोस वाढला. पुन्हा वाढल्या, पुन्हा फोन, पुन्हा डोस. दिवाळीच्या आसपास नवीनच प्रकार सुरू झाला. सकाळी दुधात बिस्किट बुडवताना हाताला एकदम झटका बसायचा आणि बिस्किट उडून पडायचं. द्वारका चौकात रस्ता ओलांडताना ती मध्येच खांबासारखी उभी राहिली. हात माझ्या हातात होता म्हणून निभावलं.

त्या रात्री बायको म्हणाली, "अहो, कंपनीत दिवसभर मोजता, घरी का मोजत नाही?"

वही तिथून सुरू झाली.

वहीत काय लिहायचं

खरं तर औषधाचा पहिला चमचा देण्याच्या आधीपासून लिहायला हवं. आमची मोठी चूक तीच. आधी दिवसाला किती होत होत्या हे आम्हाला माहीतच नव्हतं, त्यामुळे 'वाढल्या' म्हणजे कशापेक्षा वाढल्या? मोजण्यासाठी औषध लांबवू नका, पण डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या दोन-तीन दिवसांचा आकडा तरी हातात ठेवा.

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाईलमधली अ‍ॅप मी वापरून पाहिली, पण आजी ते उघडत नाही आणि दिवसभर पोरीजवळ आजीच असते. वही स्वयंपाकघरात, पेन दोरीने बांधलेलं. आमच्या वहीतलं एक पान तसंच उतरवतो:

'मंगळवार. सकाळी ७.१० दूध पिताना, डोळे वर, १० सेकंद. ७.२५ हाताला झटका, कप सांडला, शुद्ध होती. ७.४० पुन्हा टक. शाळेत ८ (बाईंनी सांगितले). दुपारी झोपली नाही. संध्याकाळी ५ ते ६ मध्ये ६ वेळा. औषध सकाळी ७.३०, रात्री ८. रात्री अर्धं उलटलं. सर्दी आहे. सर्दीचं सिरप दिलं.'

यात प्रत्येक गोष्टीला काम आहे. वेळेवरून कळतं की फिट औषधाचा डोस उतरताना येतात की डोस दिल्यावर तासाभरात. 'शुद्ध होती' यावरून झटका आणि टक हे दोन वेगळे प्रकार आहेत हे कळतं. प्रकार वेगवेगळे मोजा, हे मी अगदी हात जोडून सांगतो. एकूण आकडा फसवतो. एक प्रकार थांबलेला आणि दुसरा वाढलेला असेल तर बेरीज तेवढीच दिसते. आणि औषध सुरू केल्यावर पूर्वी कधीच नव्हता असा प्रकार दिसला, तर त्या तारखेला लाल पेनाने गोल करा.

व्हिडिओ काढा. तोंडाजवळ मोबाईल नेऊ नका, पूर्ण अंग दिसू दे, दोन्ही हात आणि डोळे. मुलाचं नाव घेऊन हाक मारा, हाकेला उत्तर येतं की नाही ते व्हिडिओत राहतं. आमच्या नवीन डॉक्टरबाईंनी माझं बोलणं मध्येच थांबवून व्हिडिओ मागितले आणि चार व्हिडिओ दोन-दोनदा पाहिले.

शेवटी मी कारखान्यात करतो तेच केलं. आलेखाच्या कागदावर रोजचे आकडे टिंबांनी मांडले आणि डोस वाढवल्याच्या दिवशी उभी रेघ मारली. वहीच्या आधीच्या दिवसांसाठी कॅलेंडरवर बायकोने मारलेल्या फुल्या आणि शाळेतल्या बाईंचे निरोप कामी आले, तो भाग कच्चाच होता. पण चित्र स्पष्ट होतं. प्रत्येक रेघेनंतर चार-पाच दिवसांत टिंबं वर. शेवटी दिवसाला चाळीसच्या घरात.

औषधावर खापर फोडण्याआधी

फिट वाढल्या म्हणजे औषधच चुकलं असं नसतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आणि ते आधी तपासलं नाही तर डॉक्टर तेच पहिलं विचारतील.

डोस चुकला का? आई-बाबा-आजी तिघं देणारे असले की 'मला वाटलं तुम्ही दिलं' होतंच. चमचा कोणता? घरातला पोह्याचा चमचा म्हणजे माप नव्हे, मेडिकलमधून सुईविना सिरिंज आणा आणि मिलीलिटर बघून द्या. बाटली हलवता का? फेनिटॉइन (हेही फिटचंच औषध) आणि कार्बामाझेपिनच्या पातळ औषधात औषधाची पूड खाली बसते. न हलवता दिलं तर बाटली नवी असताना पोरगं जवळजवळ पाणी पितं आणि तळाला आल्यावर दुप्पट औषध. दोन्हींनी फिट वाढू शकतात. हो, जास्त झाल्यानेही. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन रक्तात फार चढलं की मूल झोकांड्या खातं, त्याला दोन-दोन दिसतं, उलट्या होतात आणि वर फिटही येऊ शकतात.

कंपनी बदलली का, मिलीग्रॅम बदलले का, हे बाटलीवर वाचा. ताप, जुलाब, रात्रीचं जागरण, लग्नघरातली धावपळ लिहा. दुसरं औषध सुरू झालंय का तेही. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिक्सने कार्बामाझेपिन रक्तात चढतं. दवाखान्यात भरती असताना मेरोपेनेम हे अँटिबायोटिक लावलं तर व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध रक्तातून झपाट्याने उतरतं. सर्दी-खोकल्याच्या काही सिरपमधली झोप आणणारी औषधंसुद्धा फिट असलेल्या मुलांना त्रास देऊ शकतात. म्हणून फिटच्या मुलाला कुठल्याही डॉक्टरकडे नेलं की पहिलं वाक्य हेच: "याला फिटचं औषध चालू आहे, हे नाव."

मुलाचं वजन वाढलं तर जुना डोस अपुरा पडतो, हेही साधंच. आणि कार्बामाझेपिनची एक खोड मला फार उशिरा कळली. हे औषध यकृताला स्वतःलाच लवकर संपवायला शिकवतं. सुरू केल्यावर तीन ते पाच आठवड्यांत त्याच डोसवर रक्तातली पातळी खाली येते. म्हणजे महिनाभर बरं आणि मग पुन्हा फिट, याचा अर्थ औषध कमी पडतंय असाही असू शकतो. पहिल्या डॉक्टरांनी डोस वाढवला तो याच हिशोबाने असणार. म्हणूनच रक्तातली पातळी तपासतात. ती सहसा सकाळचा डोस देण्याआधी घेतात, हे तपासणीच्या दिवशी विसरू नका. आमची पातळी हवी तेवढी, मधोमध आली. डोस अपुरा नाही, जास्त नाही, चुकलेला नाही, ताप नाही, आणि फिट चाळीस. मग संशयाला जागा उरली.

औषध उलटतं कसं

मला समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूत गाडी पळवणाऱ्या पेशी आहेत आणि ब्रेक लावणाऱ्या पेशी आहेत. विजेचा प्रवाह वाहण्यासाठी दोघींनाही सोडियमच्या वाटा लागतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं त्या वाटा आवळतात. मेंदूच्या एका कोपऱ्यातून फिट निघत असेल तर बहुतेकदा उत्तम. पण फिट वेगळ्या जातीची असेल तर हीच औषधं उलटी पडतात.

टक लावून हरवण्याची फिट, जिला डॉक्टर अ‍ॅबसेन्स म्हणतात, आणि अंगाला बसणारे बारीक झटके, म्हणजे मायोक्लोनिक, या दोन्ही कार्बामाझेपिनने वाढू शकतात. गॅबापेन्टिन आणि व्हिगाबॅट्रिन या फिटच्या औषधांनीही असं होऊ शकतं. लॅमोट्रिजिन हे आणखी एक औषध अ‍ॅबसेन्सला चालतं, पण झटके असलेल्या काही मुलांमध्ये झटके वाढवतं. झोपेत तोंडाच्या एका बाजूला फिट येणाऱ्या, एरवी चांगल्या असणाऱ्या काही मुलांमध्ये कार्बामाझेपिनने झोपेतला ईईजी बिघडून शाळेतली प्रगती मागे गेल्याचंही नोंदलेलं आहे. तिथे फिट मोजून भागत नाही, पाढे विसरायला लागला का तेही लिहावं लागतं.

ऑक्सकार्बाझेपिन आणि कार्बामाझेपिनने कधीकधी रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेही फिट येतात. व्हॅल्प्रोएटने अमोनिया चढला तर मूल सुस्त पडतं, उलट्या होतात, फिट वाढतात. दोन्ही रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. दोन वर्षांखालच्या बाळात व्हॅल्प्रोएट देताना डॉक्टर जास्त सावध असतात, कारण काही जन्मजात आजारांत ते यकृताला झेपत नाही.

डॉक्टरांच्या ओपीडीच्या बाकावर येवल्याची एक ताई भेटली. घरी पैठणीचा माग. तिच्या मुलाला सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, अर्ध्या तासाच्या वर चालली, अंगाची एकच बाजू. पुढच्या वेळी दुसरी बाजू. गरम पाण्याने अंघोळ घातली तरी फिट. कार्बामाझेपिन सुरू झाल्यावर जास्तच. शेवटी जनुकाची तपासणी झाली तेव्हा ड्रावे सिंड्रोम निघाला. 1978 साली शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरबाईंनी तो पहिल्यांदा मांडला. त्या मुलांत बहुतेकदा एससीएन1ए नावाच्या जनुकात दोष असतो, आणि त्याने मुख्यतः ब्रेकवाल्या पेशींच्या सोडियमच्या वाटा आधीच अर्ध्या झालेल्या असतात. त्यात अशी औषधं दिली तर उरलेला ब्रेकही सुटतो. ब्रेकच्या कारखान्यातल्या माणसाला हे सांगायला ताईला एक मिनिट लागलं. गंमत म्हणजे सोडियमच्याच दुसऱ्या काही जनुकांच्या दोषात नेमकं उलट असतं, तिथे हीच औषधं लागू पडतात. त्यामुळे 'आमच्या पोराला कार्बामाझेपिन चाललं नाही, तुम्हीही देऊ नका' असले सल्ले ओपीडीच्या बाकावर वाटू नका.

स्वतःहून बंद करू नका

आलेख काढला त्या रात्री माझी पहिली इच्छा बाटली बेसिनमध्ये ओतायची होती. बायकोने हात धरला. फिटचं औषध एकदम तोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती औषधाच्या उलटण्यापेक्षा फार वाईट. संशय कितीही पक्का असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, उत्तर मिळेपर्यंत डोस आहे तसा द्या, मनाने वाढवूही नका.

याला एक अपवाद धरा. अंगावर पुरळ, सोबत ताप, ओठांना किंवा तोंडात फोड, डोळे लाल: असं दिसलं तर पुढचा डोस देण्याआधी तडक दवाखाना गाठा. उद्या सकाळी नाही, आत्ता.

फोनवर नेमकं काय बोलायचं ते आधी लिहून घ्या. "डॉक्टर, फिट वाढल्यात" म्हटलं की उत्तर येतं, "पाच एमएल करा." आम्हाला दोनदा आलं. त्याऐवजी असं विचारा: "अमुक तारखेला डोस वाढवल्यापासून टक लावणं दिवसाला वीसवरून चाळीसवर गेलंय, आणि पूर्वी नव्हते ते हाताचे झटके सुरू झालेत. एकही डोस चुकलेला नाही. हे औषधामुळे होत असेल का? ही फिट नक्की कोणत्या प्रकारची आहे, ते पुन्हा बघता येईल का?" यात भांडण नाही. रागावलेल्या बापाला डॉक्टर समजावत बसतात, आकडे आणलेल्या बापाशी बोलतात. उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर आता नाशिकमध्येही आहेत, ऊठसूट पंचवटी एक्सप्रेस पकडायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आलेख पाहिला, ड्रॉवरमधून कागदाचं भिरभिरं काढलं आणि मनूला म्हणाल्या, "थांबायचं नाही हं, मी सांगेपर्यंत फुंकायचं." मनू फुंकत राहिली. दीड मिनिटाने भिरभिरं फिरायचं थांबलं. मनू बघत होती, पण कशाकडेच नाही. पापण्या बारीक फडफडत होत्या. बाईंनी हळूच "मनू, लाल" म्हटलं. दहा सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागली. "मी आत्ता कोणता रंग म्हटलं?" तिला माहीत नव्हतं. हे घरी करून बघू नका.

पुन्हा ईईजी ठरला. या वेळी तयारीने गेलो. आदल्या दिवशी केस धुतले, तेल नाही. रात्री बारापर्यंत जागवलं, पहाटे चारला उठवलं आणि तिथे पोचेपर्यंत गाडीत झोपू दिलं नाही, मी मागच्या सीटवर बसून तिला माहीत असलेली सगळी गाणी तीन-तीनदा म्हणून घेतली. फुंकण्याचा भाग पूर्ण झाला. कागदावर सेकंदाला तीन अशा एकसारख्या लाटा आल्या. अ‍ॅबसेन्स. ओठ चाटणं, फ्रॉक चाचपणं या फिटमध्येही असतं, तिथेच सगळे फसले होते.

कोणतं औषध यावर बाईंनी अर्धा तास दिला. 2010 साली अमेरिकेत मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत इथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट ही दोन्ही लॅमोट्रिजिनपेक्षा सरस ठरली, आणि एकाग्रतेवर इथोसक्सिमाइडचा परिणाम कमी दिसला. पण ते आमच्या मेडिकलला दर महिन्याला मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून व्हॅल्प्रोएट. मुलगी आहे, वयात येण्याआधी त्याचा पुन्हा विचार करावा लागेल, कारण गरोदरपणात ते बाळाला घातक असतं, हेही त्यांनी तेव्हाच फाईलवर लिहिलं. मला हे आवडलं. नवीन औषध चढवत आणि जुनं उतरवत न्यायचा तक्ता त्यांनी तारखांसह लिहून दिला, तो फ्रिजवर लावला. एका वेळी एकच बदल. जुनं पूर्ण सुटलं त्या आठवड्यात वहीत दिवसाला तीन होत्या. त्यानंतर महिन्याने पानं रिकामी जायला लागली, तरी आजी रोज तारीख घालून 'नाही' लिहिते.

बदलाच्या दिवसांत हाताशी काय हवं

औषध बदलताना मोठी फिट येऊ शकते हे धरून चला. घरातल्या सगळ्यांना, रिक्षावाल्या काकांनाही शिकवून ठेवा: कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा घालायचा नाही. कांदा आणि चप्पल जागेवर राहू द्या. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे दिला असेल तर किती वेळा दाबायचा ते बाटलीवरच चिकटपट्टी लावून लिहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तो द्या आणि 108 ला फोन करा.

आणि एक कार्ड बनवा. आमचं कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं, एक दप्तरात, एक रिक्षात, एक माझ्या पाकिटात. त्यावर आजाराचं नाव, चालू औषध, डॉक्टरांचा नंबर, आणि खाली डॉक्टरांनीच सांगितलेली ओळ मोठ्या अक्षरात: 'कार्बामाझेपिनने फिट वाढल्या होत्या. फेनिटॉइन देण्याआधी आमच्या डॉक्टरांशी बोला.' कॅज्युअल्टीत रात्री दोनला न थांबणाऱ्या फिटवर फेनिटॉइनचं इंजेक्शन नेहमीच वापरलं जातं, आणि तेव्हा बापाच्या तोंडून धड वाक्य निघत नाही. येवल्याच्या ताईच्या मुलासाठी तर ही ओळ आणखी महत्त्वाची, तिलाही त्याच दुकानातून कार्ड करून दिलं. तिने ते कापडी पिशवीत घालून मुलाच्या कमरेच्या करगोट्याला बांधलंय.